नवमीचं पान

“गावच्या मेलेल्या बायका माझ्या बायकूच्या तोंडानं वडं खात्यात, आन् मी जित्ता नवरा कालच्या कालवनावर दिस काढतोय.”

गेणबा हे विळ्याला सांगत होता. पायरीवर बसून तो धार लावत होता आणि त्याच्या पाठीमागं हातभर अंतरावर रत्नाबाई न्हालेले केस झटकत उभी होती. विळ्यानं ऐकलं की नाही कोण जाणे, तिनं मात्र ऐकलं.

“तुमी धडधाकट हायसा म्हनून तर मला बोलावनं येतंय,” ती म्हणाली. “तुमच्याच जिवावर खातीया, असं समजा.”

गेणबा हसला. हे खरंच होतं. भाद्रपदातल्या अहेवनवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, अशी रीत. आणि सवाष्ण म्हटली की गावाला रत्नाबाई आठवायची. नवरा ठणठणीत, पाठोपाठची तिन्ही पोरं जगलेली, कुंकू रुपयाएवढं आणि पचन उत्तम. आयुष्यात तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. शेत विकताना नाही, पोराचं लग्न ठरवताना तर नाहीच. पण नवमीला तिच्यावाचून अडायचं.

हे काम ती मन लावून करायची. गेलेल्या बाईला जे आवडायचं ते घरोघर रांधलेलं असे, त्यामुळं पानावर नजर टाकली की कुणासाठी जेवतोय ते तिला कळायचं. गावातल्या एकाची पहिली बायको सगळा जन्म चुलीपाशी उभ्यानं चार घास गिळत आली. तिच्या नावाला रत्नाबाई मुद्दाम मांडी घालून सावकाश जेवायची. म्हणायची, एकदा तरी बसून खाऊ दे बिचारीला. घरची बाई सवाष्णीच्या तळहातावर पाणी सोडी आणि गेलेलीचं नाव मोठ्यानं घेई. मग पहिला घास. नाव घेतलं नाही तर ते नुसतंच फुकटचं जेवण, ते कुणाला पोचायचं नाही.

“आज कुनाच्यात?” गेणबानं विचारलं.

“भाऊंच्यात.”

धार लावायचा दगड थांबला. भाऊ म्हणजे हैबतराव, गेणबाचे थोरले चुलतभाऊ. गावातलं मोठं घर, आणि यांच्या भातखाचराला पाणी येतं ते त्यांच्याच बांधावरून.

“त्यांच्यात कोन अहेव गेलंय?”

“लीलाआक्का सोता येऊन सांगून गेल्या. धाकल्या चुलतीच्या नावानं म्हनं.”

“चुलतीच्या?” गेणबा म्हणाला. “अगं, चुलतीला खांदा दिलाय मी. चुलता तिच्या कितीतरी आदी गेला हुता. तिला कुटली नवमी?”

मग गेणबानं पुन्हा धार लावायला घेतली, जरा जोरातच.

“जेवून ये गुमान,” तो म्हणाला. “कुनाच्या नावानं, ते आपल्याला काय करायचंय?”

पण रत्नाबाईला करायचं होतं. दसऱ्याला त्या घराशी तिच्या भावाची सोयरीक व्हायची होती. भुकूमचा तिचा भाऊ कोंडिबा, त्याची लेक गजरा आणि हैबतरावांचा मुलगा वाल्मीक. निरोप घेऊन मध्ये फिरली होती ती रत्नाबाईच. आणि वाल्मीक बिजवर होता. म्हणजे बिजवर म्हणावा तरी पंचाईत, आणि न म्हणावा तरी.

त्याची पहिली बायको जया. मुठा खोऱ्यातली, विशीच्या आतबाहेरची पोर. चार वर्षांपूर्वी, पानशेत फुटायच्याही आधी, माघातल्या एका सकाळी ती पाण्याला म्हणून गेली आणि परत आली नाही. गावाखालच्या धरणाच्या काठाला तिचा हंडा सापडला, भरलेला. जीव द्यायला निघालेली बाई आधी हंडा कशाला भरेल, असं बायका म्हणाल्या. गळ टाकले, पाणी ढवळलं, काही हाती लागलं नाही. पाण्याला जाताना तिला कुणी पाहिलं? तर घरच्यांनी.

मग गावानं आपापला चोर निवडला. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्याचा त्याच्यावर संशय. हैबतरावांनी बिरू धनगराचं नाव घेतलं. त्याची मेंढरं त्या आठवड्यात त्यांच्याच खाचरात खतासाठी बसवलेली होती आणि त्याच पहाटे तो कळप घेऊन पुढं निघाला होता. पोलिसांनी त्याला वाटेतून उचलून आणला. कुठं नेलीस, कुणाला विकलीस, असं विचारत त्याला इतकं मारलं की बिचाऱ्याला सांगता आलं असतं तर त्यानं काहीही सांगितलं असतं. शेवटी सोडला. तेव्हापासून या गावात धनगरांची मेंढरं कुणी शेतात बसवून घेत नाही. काहींचा संशय कोळशाच्या भट्टीवरच्या मुकादमावर, जयसिंगावर. भांग पाडायचा, शीळ घालायचा, आणि जयानंतर महिन्याभरात तोही पुण्याकडं निघून गेला. आणि काही घरांत, दारं लावून, वाल्मीकचं नाव निघायचं. हैबतरावांचं तर दारं लावूनसुद्धा नाही.

रत्नाबाईनं जयसिंग धरून ठेवला होता. पुरावा काही नव्हता. पण जयसिंग खरा असेल, तर जया कुठंतरी जिवंत होती. पुण्यात एखाद्या खोलीत चहा करत असेल, पायात चपला घालून हिंडत असेल. रत्नाबाईच्या मागल्या दारी उभी राहून भोपळ्याचे घारगे खाणारी ती पोर तिला जिवंत हवी होती. आणि जया पळून गेली असेल, तर त्या घराचा काही दोष उरत नव्हता. या हिशोबावर तिनं गजराचं नाव सुचवलं होतं. भावाला म्हणालीही होती, “पोरगी सुखात पडंल, दादा. मी शेजारीच हाय की.”

आता सकाळपासून हा हिशोब तिला जुळवता येत नव्हता. पळून गेलेल्या बाईची कुणी नवमी घालत नाही.

ऊन चढल्यावर ती निघाली. ओढ्याच्या वळणावर बिरूची आई अंबाबाई शेरडं राखत बसली होती. काठीवर हनुवटी टेकून तिनं रत्नाबाईचं धुवट लुगडं आणि कपाळ पाहिलं.

“मोठ्या घरी चाललीस?”

“व्हय.”

“नवमी घालत्यात म्हनं. कुनाची?”

“त्यांच्या चुलतीची.”

“चुलतीची,” अंबाबाई म्हणाली. “बरं.”

तिनं एका शेरडाला उगाच हाकललं. रत्नाबाईला वाटलं, संपलं बोलणं. ती दोन पावलं पुढं गेली.

“रत्नाबाई, माझ्या बिरूच्या उजव्या हाताची मूठ वळत न्हाई अजून,” मागून अंबाबाईचा आवाज आला. आवाजात राग नव्हता. पावसाबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. “काठी बी डाव्या हातानं धरतोय. जा तू. पोटभर जेव.”

हैबतरावांच्या दारात त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, तिच्या पायावर कढत पाणी घातलं, पाय पुसले. कुंकू लावताना थोडा चुरा रत्नाबाईच्या नाकावर सांडला. एरवी दोघी हसल्या असत्या.

सोप्यात हैबतराव तक्क्याला टेकून बसले होते. खांबाशी वाल्मीक सुपारी कातरत होता.

“इहीनबाई आल्या का?” हैबतराव आत बघत लीलाबाईंना म्हणाले. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनंही बोलायचं नाही, अशी त्यांच्यातली पद्धत. “वाढ त्यांना नीट. दसऱ्याला आपल्याला त्यांच्या भावाच्यात जेवायचंय.”

स्वयंपाकघरात पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी. लीलाबाईंनी ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि एक हिरवं लुगडं. लुगडं कोरं होतं, काठ लाल, तरण्या बाईला शोभेल असं. म्हाताऱ्या चुलतीसाठी असं लुगडं कुणी घेत नाही. मग त्यांनी पान वाढलं. भात, आमटी, वडे, अळूची भाजी, खीर. आणि खिरीशेजारी, पानाच्या अगदी मधोमध, भोपळ्याचे घारगे.

रत्नाबाई पानाकडं बघत राहिली.

लीलाबाई काय करायला निघाल्या आहेत, ते तिला कळलं. कुठलीही सासू हेच करील. घरात दुसरी आणायची तर पहिलीला आधी शांत करावं लागतं. नाहीतर ती उपाशी सवत नवीला सुखानं नांदू देत नाही. गजराला काही होऊ नये म्हणून हे पान वाढलेलं होतं. पण ज्यांना जया धनगराबरोबर गेली, मुकादमाबरोबर गेली असं वाटत होतं, त्यांना हे सुचलं नसतं. चुलतीचं निमित्त करायची तर त्यांना गरजच पडली नसती.

लीलाबाईंनी तांब्या उचलला. रत्नाबाईनं तळहात पुढं केला. पाणी पडलं, लीलाबाईंचे ओठ हलले. शब्द काही आला नाही.

रत्नाबाईनं ते पाणी ताम्हनात सोडून दिलं आणि हात पुन्हा पुढं केला.

“आक्का, नाव घ्या.”

“घेतलं म्हनावं की,” सोप्यातून हैबतरावांचा आवाज आला.

“आक्का, मला न्हाई ऐकू आलं.”

“अगं, मोठ्यांदा घे एकदा चुलतीचं नाव. कानानं अधू झाली काय ही?” हैबतराव हसले. वाल्मीक हसला नाही.

रत्नाबाईनं नजर पानावरच ठेवली. “आक्का, धाकल्या चुलतीच्या आदी चुलतं गेलं. त्यांच्या तेराव्याला मी ह्याच चुलीपाशी भाकऱ्या थापल्या हुत्या. त्या अहेव न्हाई गेल्या.”

अडकित्ता थांबला. बसल्या जागेवरून रत्नाबाईला तिघंही दिसत होती. वाल्मीक बापाकडं बघत होता. बाप लीलाबाईंकडं बघत होता. आणि लीलाबाई सारवलेल्या जमिनीकडं. कोण कुणाला झाकतंय, ते देवालाच ठाऊक. एकानं केलं असेल, दोघांनी गिळलं असेल. अशा पाटांवर बसून ती इतकी वर्षं मेलेल्यांसाठी जेवत आली होती. जित्यांची भीती तिला पहिल्यांदाच वाटत होती.

“तिला म्हनावं,” हैबतराव सावकाश म्हणाले, “गेनबाच्या खाचराला पानी आमच्या बांधावरनं जातंय. भाची ह्या घरात यायची हाय. जेवायला बोलावलं तर जेवावं मानसानं.”

गेणबा काय म्हणेल, ते रत्नाबाईला ठाऊक होतं. पुढच्या आषाढात कोरडं पडलेलं खाचर तिला आत्ताच दिसत होतं. आणि खाचराच्या पलीकडं गजरा, याच न्हाणीपाशी, याच चुलीपाशी वावरणारी.

“भाची यायची हाय, म्हनून तर इचारतीया, आक्का,” ती म्हणाली. “नाव न्हाई घेतलं, तर मी उठते.”

पानावर बसलेली सवाष्ण न जेवता उठली, तर जिच्या नावाचं पान, ती त्या उंबऱ्यावरून कायमची उपाशी जाते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“उठू दे,” हैबतराव म्हणाले.

रत्नाबाईनं डावा हात जमिनीला टेकला, गुडघ्यात जोर घेतला. पाट करकरला. तेवढ्यात लीलाबाई खाली बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच, आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. तांब्या कलंडून पाणी रांगोळीत गेलं.

“काय चाललंय आत?” हैबतराव उठून दारात आले होते. त्यांच्यामागं वाल्मीक.

लीलाबाईंनी वळून पाहिलं नाही. तांब्यात उरलेलं घोटभर पाणी त्यांनी रत्नाबाईच्या तळहातावर सोडलं.

“जयाच्या नावानं,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण फुटला नाही. “मेली ती. ह्याच घरात मेली. तुझ्या गजराला हितं देऊ नगंस. आन् आता तू उठू नगंस, रत्ना. चार वर्सं उपाशी हाय माझी पोर. जेव.”