जागा धरून बसलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. ह्वे शहरातल्या एका महाविद्यालयाच्या सायकलतळावर, अगदी कोपऱ्यातल्या लोखंडी दांड्याला मी लावलेला आहे. मला हवे तितके ओढून पाहा, मी उघडणार नाही. माझी साखळीही तुटणार नाही. फक्त मी कशाची राखण करतो आहे असे विचारू नका, कारण माझ्या साखळीत सायकल नाही. तिथे नुसता दांडा आहे आणि त्याच्या बाजूला एक सायकल मावेल एवढी रिकामी जागा आहे.

माझा जन्म नदीच्या धक्क्यावरच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. मोडक्या मालमोटारीच्या लोखंडातून त्याने मला घडवले. माझी साखळी एका जुन्या मोटारसायकलची आहे. तिने सायकलचा रंग खरवडू नये म्हणून त्याने तिच्यावर फाटकी ट्यूब चढवली. लोहार कामाचा पक्का होता, पण बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाच्या हातात मला देताना तो म्हणाला, "हे कुलूप तुझ्या मरणानंतरही टिकेल. बाकी तुझी अक्कल किती टिकते ते तू बघ."

ते गिऱ्हाईक म्हणजे त्वान. तो खाडीपलीकडच्या गावात राहायचा आणि कंबरभर पाण्यात उभा राहून शिंपल्या काढायचा. त्याची मुलगी क्वेन शिक्षिका व्हायला शहरात शिकायला निघाली होती. त्या गावातून तोवर एकही मुलगी शिक्षिका झालेली नव्हती. महाविद्यालय चौदा किलोमीटर दूर, मध्ये होडी, आणि गावात मोटार येत नसे. म्हणून त्वानने एक जुनी हिरवी सायकल घेतली आणि तिच्यासाठी मला घेतले.

"बाबा, आपल्याकडे कुलूप कुणी लावतं का?" क्वेन हसत म्हणाली होती.

"आपल्याकडे सगळे ओळखीचे. तिथं तुला तू एकटीच ओळखीची," त्वान म्हणाला. त्याने माझी किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. "आणि एक ध्यानात ठेव. किल्ली आणि कुलूप एका जागी ठेवायचं नाही. मांजर आणि सुकट एका फळीवर ठेवतो का आपण?"

क्वेनने ते मनावर घेतले. पुढची अडीच वर्षे ती किल्ली तिच्या गळ्यातून निघाली नाही. आंघोळीलाही नाही. मुलगी इतकी आज्ञाधारक असूनही जे व्हायचे ते झाले, याचे मला अजून वाईट वाटते.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत महाविद्यालयात शिरलो. आता आपली खरी नोकरी सुरू होणार असे मला वाटत होते. तळावर राखणदार ख्वायकाका बसलेले होते. डोक्यावर निळी टोपी, कानावर खडूचा तुकडा, कमरेला पट्टा आवळलेला. क्वेनने सायकल उभी करून मला चाकातून ओवले, तोच ते उठून आले.

"काढ ते कुलूप, पोरी. इथं कुलूप लावायचं नाही."

"का हो काका?"

"चारशे सायकली आहेत आणि जागा दोनशेंची. एकीचा तास सुटला की तिची सायकल काढायला मला दहा सरकवाव्या लागतात. कुलूप घातलेली सायकल म्हणजे चिखलात बसलेला रेडा. माझी कंबर काय तुझी आई शेकणार आहे?"

"पण कुणी नेली तर?"

"मग मी इथं काय माशा मारायला बसलोय? तिकीट बघितल्याशिवाय माझ्या सख्ख्या बहिणीलाही सायकल सोडत नाही मी. सोडली असती तर दोन वर्षं माझ्याशी बोलायची थांबली नसती ती."

असे म्हणून त्यांनी सायकलच्या बैठकीवर खडूने आकडा काढला आणि तोच आकडा असलेले पुठ्ठ्याचे तिकीट क्वेनच्या हातात दिले. परत जाताना तिकीट द्यायचे, काका आकडा जुळवणार, तळहाताने खडू पुसणार आणि सायकल सोडणार. आमच्याकडे सगळीकडे हीच रीत आहे. काका बोलल्यासारखे वागतही. एकदा खुद्द प्राचार्य तिकीट विसरले, तर काकांनी त्यांना भर उन्हात वरच्या मजल्यावर परत पाठवले. त्या दिवशी मुलींनी काकांना ऊस खायला घातला.

माझी नोकरी मात्र हँडलला लटकून राहण्याची झाली. दिवसभर उघड्या तोंडाने मी लोंबत असे. वाटेत कधी क्वेन चहाच्या टपरीवर थांबली तर तेवढ्यापुरते मला चाकात अडकवी. त्या पाच मिनिटांत मला धन्य वाटे. बाकी वेळ जवळच्या सायकली मला 'हँडलवरचे पाहुणे' म्हणत. मी ते ऐकून घेई. ज्याला काम नाही त्याने मान कशाच्या जोरावर मागायचा?

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण सगळे तिच्यावरच फिरले. महाविद्यालयात मुली पांढरा आओ दाय घालून येत. त्या घोळदार अंगरख्याला खिसा नसतो. मग तिकीट ठेवायचे कुठे? कुणी वहीत ठेवी, कुणी चपलेच्या पट्ट्यात. क्वेनची आई पानांच्या टोप्या शिवायची. तिने लेकीच्या टोपीत आतल्या बाजूने पानांचा एक पदर थोडा सैल ठेवला होता. क्वेन तिकीट त्यात खोचायची आणि टोपी डोक्यावर चढवायची. टोपी डोक्यावर, म्हणजे तिकीट डोक्यावर. रीत चांगलीच होती. टोपी डोक्यावर असेपर्यंत.

शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या नऊ दिवस आधी क्वेनला परीक्षकांपुढे नमुना पाठ घ्यायचा होता. एका हातात तक्त्यांची गुंडाळी, दुसऱ्या हातात मुलांना मोजायला शिकवण्यासाठी चिंचोक्यांची टोपली. वाऱ्याने टोपी डोळ्यांवर येत होती. "वर्तुळ म्हणजे, मुलांनो..." असे ती स्वतःशी पुटपुटत होती. काकांनी आकडा काढला, एकसष्ट. तिने तिकीट सवयीने टोपीत खोचले. मग दोन्ही हात भरलेले पाहून तिने टोपी काढली, हँडलला माझ्या शेजारी अडकवली आणि पळाली.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण वाचा नाही. "क्वेन, तिकीट!" असे मी मनातल्या मनात किती वेळा ओरडलो असेन. किल्ली तिच्या गळ्यात अगदी सुरक्षित होती. पण या तळावर किल्लीला विचारतो कोण? इथली खरी किल्ली ते पुठ्ठ्याचे तिकीट होते, आणि ते सायकलपाशीच लटकत होते. त्वानने सांगितले होते ते तिने अक्षरशः पाळले आणि तरीही मांजर सुकटाशेजारीच बसले.

तासाभराने एक मुलगी आली. क्वेनच्याच वयाची, तसाच पांढरा आओ दाय, पण धुऊन धुऊन पिवळट पडलेला. ती रांगेतून हळूहळू चालत होती आणि टोप्या उचलून आत पाहत होती. आमच्या टोपीत तिला तिकीट सापडले. तिने टोपी डोक्यावर घातली आणि हँडल धरले.  तिची काय अडचण होती मला ठाऊक नाही. तिच्या हातांचा घाम मला लागला, एवढेच मी सांगू शकतो.

ती सायकल दाराकडे ढकलत निघाली तेव्हा माझ्याकडून होण्याजोगे एकच होते. मी हलू लागलो. प्रत्येक खड्ड्यात मी पुढच्या चाकाच्या पत्र्यावर आपटत होतो. खण, खण, खण. काकांनी मान वर केली. मला वाटले, जिंकलो.

"ती साखळी नीट गुंडाळ ग पोरी," काका मायेने म्हणाले. "गुडघ्याला लागेल."

त्यांनी तिकीट घेतले, आकडा जुळवला आणि खडू पुसला. चारशे सायकलींत त्यांना फक्त आकडे दिसत. आकडा बरोबर होता. त्यांची चूक म्हणावी तर चूक नव्हती, हेच तर मला सहन होत नाही.

दाराबाहेर पडताच त्या मुलीने मला हँडलवरून ओरबाडून काढले आणि भिंतीलगतच्या गटारात टाकले. माझा आवाज तिला नको होता. मी ओरडलो त्याचे मला हे फळ मिळाले. हिरवी सायकल पुलाच्या दिशेने गेली. ती मला पुन्हा दिसली नाही.

दुपारी भिंतीपलीकडून क्वेनचा आवाज आला. पाठ छान झाला असावा, कारण ती हसत होती.

"काका, एकसष्ट."

"एकसष्ट तर मघाशीच गेली. तिकीट दे बघू."

 तिचा हात डोक्याकडे गेला असणार.

"माझी टोपी..." ती एवढेच म्हणाली.

"तूच नेलीस ना? टोपी घातलेली, पांढऱ्या कपड्यांत..." काकांचा आवाज बोलता बोलता खाली गेला. "अग, तुम्ही सगळ्याच पांढऱ्या कपड्यांत असता."

"तुम्ही तोंड बघितलं नाहीत, काका?"

"मी आकडा बघितला," काका म्हणाले.

क्वेन त्यांच्याशी पुढे एक शब्द बोलली नाही. ती चालत निघून गेली. मी भिंतीच्या या बाजूला चिखलात पडून तिच्या चपलांचा आवाज ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी पाने झाडताना काकांना मी सापडलो. त्यांनी मला नळाखाली धुतले, तेल दिले आणि आपल्या खोपटातल्या खिळ्याला टांगले. रोज सकाळी ते दाराकडे पाहत. क्वेन येत नव्हती.

ती आली परीक्षेच्या दिवशी. खाडीवरची होडी उजाडल्याशिवाय सुटत नाही. होडीतून उतरून सायकलने वेळेवर पोचता येई, पायी नाही. तिने धावतपळत यायचा प्रयत्न केला होता. दोन्ही टाचा सोलल्या होत्या. ती वर गेली आणि लगेच खाली आली. वर्गाचे दार तिच्या येण्याआधी पाऊण तास बंद झाले होते. आता परीक्षा थेट पुढच्या वर्षी.

काकांनी तिला खोपटात बसवले. पाणी दिले. मग म्हणाले, "आदल्या दिवशी यायचं होतंस. माझ्या घरी झोपली असतीस. घरात म्हातारी आहे, तिनं जेवायला घातलं असतं."

"मला राग होता तुमचा," क्वेन म्हणाली.

"अजून आहे?"

तिने उरलेले पाणी सोललेल्या टाचांवर ओतले. "आता चालून चालून दमले, काका."

काकांनी मला खिळ्यावरून काढून तिच्या मांडीवर ठेवले. तिने माझ्या ट्यूबवरून बोटे फिरवली आणि आत्तापर्यंत न आलेले रडू तिला तेव्हा आले. रडून झाल्यावर ती उठली. जिथे तिची सायकल उभी असायची त्या कोपऱ्यात गेली. तिने मला दांड्याभोवती ओवले, गळ्यातली किल्ली काढून फिरवली आणि परत गळ्यात घातली. अडीच वर्षांत त्या आवारात मी प्रथमच लागलो.

"हे काय ग?" काकांनी विचारले.

"जागा धरून ठेवलीय. पुढच्या वर्षासाठी."

त्याला आता तीन वर्षे झाली, पण क्वेन परीक्षेला परत आली नाही. काका तिथे कुणाला सायकल लावू देत नाहीत. गर्दीच्या दिवशी मुली कुरकुरतात, तर म्हणतात, "जागा राखलेली आहे, डोळे नाहीत का?" दुसरीही एक गोष्ट बदलली आहे. प्रत्येक मुलीला ते सांगतात, "लाव कुलूप. नुसत्या चाकाला नको, सांगाड्यातून घे. आणि तिकीट अंगावर ठेव, सायकलवर नको." मग दिवसभर ते त्या कुलूपबंद सायकली मागचे चाक उचलून सरकवतात. संध्याकाळी त्यांना सरळ उभे राहता येत नाही. क्वेन आईबरोबर टोप्या शिवते, असे होडीवाल्याने काकांना सांगितल्याचे मी ऐकले आहे.

मित्रांनो, तुमच्या कुलपाला लोंबत ठेवू नका. त्याला त्याचे काम करू द्या. जी चिठ्ठी दाखवून तुमची वस्तू मिळते ती चिठ्ठी हीच किल्ली समजा. आणि जो राखण करतो त्यालाही तुमचा चेहरा ओळखीचा करून द्या. मला यापेक्षा जास्त काही येत नाही. मी स्वतःहून उघडू शकत नाही आणि तिला बोलावूही शकत नाही. खाडीपलीकडे कधी गेलात आणि गळ्यात किल्ली असलेली कुणी भेटली, तर तिला एवढे सांगा की तिची जागा अजून रिकामी आहे.