दहाचे नऊ

“मापाचा कागद आला की ‘फिट टू पेज’ची खूण आधी काढायची, अंकिता. पान छान दिसतं, पण सगळं आक्रसून माप खोटं पडतं,” कामोठ्यातलं दुकान आणि प्रिंटर तिच्या हवाली करताना हायमकाकांनी बजावलं होतं.

“काका, इथे बायोडेटा आणि आधार कार्डं येणार. मापं कोण घेऊन येतंय?” ती हसली होती.

आज काउंटरवर बसवलेल्या आपल्या बाळाच्या दंडाभोवती ती कागदी पट्टी गुंडाळत होती. कोन गावच्या अंगणवाडी सेविका गुणाबाईंसाठी परवा जाड कागदावर, बेस्ट क्वालिटीत काढलेल्या दंडपट्ट्यांपैकी ही एक उरलेली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला तर लाल, म्हणजे मूल कुपोषणाने धोक्यात, साडेबारापर्यंत पिवळं, पुढे हिरवं. रंग कसे खणखणीत उठले होते. बाळ खिदळलं. पट्टी सोळा दाखवत होती.

काल लस देताना नर्सने याच दंडाचं माप साडेचौदा लिहिलं होतं.

तेवढ्यात गुणाबाईंचा फोन आला.

“तुझी पट्टी जाम गुणाची गो! रंभाची पोर हिरव्यात आली. बारा पॉइंट सहा. आज दवाखान्यात भरती करायची व्हती, नाव काढलं यादीतून.”

“पण ती खातेय का नीट?”

“नाय गो, मलूलच हाय. पन पट्टी काय खोटं बोलंल? चारच्या टेंपोनं रंभा चालली वीटभट्टीवर, पोरीला घेऊन. चल, मिटिंग सुरू झाली, फोन बंद करायला सांगतात.”

अंकिताने ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली. कागदी पट्टीवरच्या दहाच्या खुणेशी लावली. नऊ. विकायला ठेवलेली नवी फूटपट्टी पाकिटातून ओढून काढली. नऊच.

प्रिंटरची खिडकी उघडली. ‘फिट टू पेज’समोर खूण तशीच होती.

हातातल्या पेनने तिने तळहातावरच हिशेब मांडला. बारा पॉइंट सहातून दहावा हिस्सा गेला. अकरा पॉइंट तीन. तिने आकड्यावर अंगठा दाबून धरला, पुन्हा उचलून पाहिला.

गुणाबाईंचा फोन बंद. परत बंद. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते. बाळाने पट्टी तोंडात घातली होती. तिने ती झटक्यात ओढली, तसं ते भोकाड पसरून रडू लागलं. त्याला कडेवर घेत तिने गावाचा अंगणवाडी ग्रुप उघडला. परवा पट्टीची फाइल पाठवायला गुणाबाईंनीच तिला त्यात घेतलं होतं.

एका अंगठ्याने ती लिहीत गेली.

‘मी छापलेल्या पट्ट्या चुकीच्या आहेत. चूक माझी आहे. कोणीही वापरू नका. रंभाची मुलगी हिरव्यात नाही, लाल आहे. तिला टेंपोत चढू देऊ नका. मी रिक्षाने निघतेय, पण पोचायला वेळ लागेल. हे जो कोणी वाचत असेल, त्याने उत्तर लिहीत बसू नये. आधी रंभाच्या घरी जाऊन पोरीला बघावं.’