बर्फाआधी हात

घोड्यांची डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, बाई मोठी प्रेमळ असणार. माझ्या भावाला विचारा. रेसचे घोडे तयार करणं हा दादाचा धंदा, आणि ते पळायला लायक आहेत असं सही करून सांगणं हा माझा. त्यामुळे आमचं भांडण बारमाही चालू असतं.

रविवारी महामाया पळणार होती. रेसच्या पुस्तकात तिचं लांबलचक राजेशाही नाव छापलेलं, पण खरारा करणाऱ्या माणसाच्या दंडावर तिचे दात उमटल्यापासून तबेल्यात ती महामायाच. आठ महिन्यांपूर्वी तिच्या पुढच्या डाव्या पायाची, गुडघ्यामागून खाली जाणारी जाड शीर, म्हणजे कंडरा, फाटली. तीन महिने घोडी नुसती उभी होती. मग दोरी धरून चालवणं, मग दुडकी, मग हळू दौड. हे सगळं केलं दादाच्या मुलीनं. माझी ही भाची बावीस वर्षांची, वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. रविवारी महामायेवर बसणार होती तीच. जॉकी म्हणून तिची ही पहिली मोठी रेस.

म्हणजे माझी सही चुकली तर पडणार होत्या दोघी. हे मी उगाच म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी एका घोड्याचा पाय मला ‘ठीकच’ वाटला होता. घोडा वळणावर कोसळला, तो परत उठलाच नाही. त्याचा जॉकी अजून लंगडतो. भेटला की हसून नमस्कार करतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दर गुरुवारी मी आठला तपासायला यायची. त्या गुरुवारी सातलाच पोचले. महामायेच्या चारही पायांवरून हात फिरवला. तीन पाय कोमट. डावा मात्र फ्रिजमधून काढल्यासारखा गार. दुखरा पाय गरम लागणं वाईटच, पण चारांतला एकच गार लागणं त्याहून वाईट. तो कुणीतरी गार केलेला असतो.

दादा खोगिरांच्या खोलीत चहा पीत होता. मी तिथेच त्याला धरला.

“लाज नाही वाटत? मला फसवायला पायाला बर्फ लावलास? तुझं म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. त्यात गुडघा तिचा!”

“कसला बर्फ? सकाळी सकाळी डोकं फिरलंय का तुझं?” दादाचा कप हातातच राहिला. “पोरगी बसणार आहे तिच्यावर. माझी पोरगी! मी असलं करीन?”

“बर्फ मी लावते,” मागून चिमणी म्हणाली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. “रोजच लावते. तूच सांगितलंस ना, आत्या?”

सांगितलं होतं. पण आधी पायाला हात लावून बघायचं, वहीत लिहायचं, आणि मग बर्फाच्या बादलीत पाय, असं सांगितलं होतं. मी वही उघडली. पंधरा दिवस ओळीनं एकच शब्द: थंड, थंड, थंड.

“आधी बर्फ लावून मग हात लावत होतीस?”

“पहिल्या दिवशी चुकून झालं. गडबडीत होते.” ती खाली बघायला लागली. “मग तसंच करायला लागले. थंड लागला की बरं वाटायचं. खोटं नाही लिहिलं, आत्या. हाताला थंडच लागायचा.”

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. पण पंधरा दिवस तीच वही मीही वाचत होते. गुरुवारी मी आठला येईपर्यंत बर्फाचा गारवा उतरून चारही पाय सारखेच लागायचे. हे कधी तपासतेस, एवढं साधं विचारलं नाही. दुसऱ्या कुणाची वही असती तर शंभर प्रश्न विचारले असते. घरचं पोर म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवला. शहाणी म्हणवणारी मी, माझंच पितळ उघडं पडलं.

बादली बाहेर ठेवली आणि आम्ही तिघं थांबलो. दहा वाजेपर्यंत डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच गरम झाला. गाडीतून सोनोग्राफीचं मशीन आणलं. शीर फाटलेली नव्हती, पण आत सूज होती. निदान सहा आठवडे दौड बंद.

“नशीब आपलं,” मी म्हणाले. “रविवारी ती शीर तुटलीच असती.”

दादानं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, “मालकीणबाईंना काय सांगू? आठ महिने थांबल्यात. दुसऱ्या डॉक्टरला एकदा दाखवू या का?”

“दाखव की. तो सही करील, मी घरी बसून रेस बघीन. पोरगी कुणाची आहे तेवढं विसरू नकोस.”

त्यानं स्पीकरवर फोन लावला. महामायेच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर, कायम घाईत. “बोला पटकन, पेशंट तोंड उघडून बसलाय,” त्या म्हणाल्या. दादा “त्याचं असं झालंय...” इथपर्यंत आला आणि अडखळला. चिमणीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

“ताई, मी बोलतेय. रविवारी मी महामायेवर बसणार नाही. दुसरं कुणी बसायला तयार झालं तर त्यालाही बसू देणार नाही. तिचा पाय सुजलाय. वही मी लिहीत होते, चूक माझी आहे.”

एकही शब्द तिनं गिळला नाही. मला इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला महामायेच्या मानेआड तोंड लपवावं लागलं. ती चावली नाही.

मग मालकीणबाई म्हणाल्या, “बरं झालं आजच सांगितलंस. मग कधी पळेल ती?”

“ते आत्ता नाही सांगता येणार.”

“ठीक आहे, ती बरी झाली की मला कळव. आणि हे बघ, तेव्हाही तूच बसायचंस. दुसऱ्या कुणाला मी माझी घोडी देणार नाही.”