मुंधिरचा कप

"ह्याला समजतं ना सगळं?" मुलीच्या बापानं, अबू शिहाबनं, मला विचारलं. मुंधिर माझ्या शेजारीच बसलेला, मांडीला मांडी लावून.

"त्यालाच विचारा की," मी म्हटलं.

तर अबू शिहाब त्याच्याकडं वळला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "बाळ, बरं आहे ना?"

बाळ म्हणे. चाळिशीला टेकलेला बाप्या, आमच्या करक गावच्या बाजारात स्वतःचं मसाल्याचं दुकान. माझ्या ह्या चुलतभावाचे हात जन्मापासून थरथरतात, जीभ जड आहे. शब्द सावकाश येतो, पण येतो. लोकांनाच दम नाही. त्यानं तोंड उघडलं की वाक्य दुसराच कुणीतरी पुरं करतो, आणि हमखास चुकीचं.

आमच्यात रीत अशी, मुलीच्या घरी कॉफी आली की आमच्यातला म्होरक्या कप न पिता खाली ठेवतो आणि मागणी घालतो. बाप 'कॉफी घ्या' म्हणाला की होकार. तोवर कुणी ओठ लावायचा नाही. म्होरके आमचे काका, हाजी मिक्दाद. मुंधिरनं त्यांना किती वेळा सांगितलं होतं, मागणी मीच घालणार. मुलीचा, विसालचाही तसाच निरोप होता: त्याच्याच तोंडून ऐकायचंय. हाजी दरवेळी हो हो म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. तिथंच मला शंका यायला हवी होती.

कप हातात येताच हाजी खाकरले. "अबू शिहाब, अल्लानं पोराला बिचाऱ्याला असं केलं. तुमचे उपकार—"

"हाजी, आपण काय भीक मागायला आलोय?" मी मधेच म्हटलं.

"तू गप रे. टायरचे पंक्चर काढ जा." हाजींनी माझा धंदा काढला.

तेवढ्यात मुंधिरनं आपला कप खाली ठेवला. निम्मी कॉफी गालिच्यावर.

"का...का. मी..."

"पाणी हवंय त्याला. पाणी आणा कुणीतरी," हाजी म्हणाले.

"पाणी नकोय," मी म्हटलं. "जरा थांबा."

खरं तर माझ्याच जिभेवर ते वाक्य येऊन बसलं होतं. बोलून टाकावं आणि सुटावं. दात आवळून बसलो.

"मी... वि...सालला... मागायला... आलोय. द...या... नकोय."

आतल्या दाराआड कुणीतरी श्वास सोडला. अबू शिहाबनं दाढी खाजवली, दाराकडं बघितलं, मग सवयीनं म्हणाला, "घ्या हाजी, कॉफी घ्या."

हाजींनी कप उचलला नाही. "मला काय सांगता? मागितलं कुणी?"

अबू शिहाब मुंधिरकडं वळला. ह्या खेपेला ओरडला नाही.

"कॉफी घ्या, मुंधिर."

कप थरथरत वर गेला, दातावर वाजला, पांढऱ्या अंगरख्यावर ओघळ आला. सगळी बैठक आपापले कप धरून थांबलेली. एकाचाही हात मदतीला पुढं झाला नाही.

"गार... झालीय," मुंधिर म्हणाला.

"दुसरी देऊ?" अबू शिहाबनं विचारलं. आणि किटली तशीच हातात धरून, उत्तर येईपर्यंत थांबला.