प्रवेशाचे पान

स्थापना. हार्लन स्प्रिंग कॉलेज, टेनेसी. सन १८५१. एक पाद्री, बारा विद्यार्थी, दगडी प्रार्थनामंदिर.

शताब्दीच्या पुस्तिकेसाठी ग्रंथपाल एडिथ हॅलोवेल बाईंनी एवढे लिहिले, आणि न्याहारीची घंटा झाली.

स्वयंपाकघर. हे प्रकरण पुस्तिकेत नाही.

इथे ओझेला ग्रिग्ज एकतीस वर्षे मक्याचा पाव भाजते आहे. गोरी मुले तिला मावशी म्हणतात, अध्यक्षही म्हणतात. तिचे आडनाव कोणी विचारलेले नाही. त्या सकाळी तिची सतरा वर्षांची लुरीन, काळ्यांच्या शाळेत पहिली आलेली, कॉलेजची नियमावली घेऊन दारात उभी राहिली.

"आई, ऐक. 'दहा वर्षे सेवा केलेल्या कोणाच्याही अपत्यास परीक्षेवाचून प्रवेश.' कोणाच्याही!"

"अगं, ते प्रोफेसरांसाठी असतं."

"तसं लिहिलंय कुठे? तू काय एकतीस वर्षं इथे झोपा काढल्यास?"

ओझेलाला हसू आले. मग भीती वाटली. राहती खोलीसुद्धा कॉलेजचीच होती. तरी पीठ पुसून तिने अर्जावर सही केली.

प्रवेश. "या कॉलेजाने गुणी विद्यार्थ्याला कधीही परत पाठवले नाही." हे वाक्य एडिथबाईंचे. ते अध्यक्षांना दाखवायला त्या गेल्या, तेव्हा ओझेला आधीच आत उभी होती. बाई उंबऱ्याशी थबकल्या.

अध्यक्ष डॉ. व्हिटकोम्ब दुष्ट नव्हते. ओझेलाच्या नवऱ्याच्या दफनाला ते भर पावसात आले होते. मात्र तिला खुर्ची द्यायची असते, हे त्यांना सुचले नाही.

"मावशी, तू तर घरचीच. पण राज्याचा कायदाच आहे. गोरे-काळे एका वर्गात बसवले तर आम्हाला दंड. माझे हात बांधलेत."

"कायदा बदला म्हणून एखादं पत्र तरी लिहिलंत, साहेब?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. "स्थापनादिनी तुला व्यासपीठावर बोलावणार आहोत. चांदीचं ताट देणार आहोत."

"मी तुमची मावशी, तर लुरीन तुमची मावसबहीण. मावशीला ताट, आणि बहिणीच्या तोंडावर दार?"

"तू रागावलीस."

"रागवायला फार उशीर झाला. ताटाला मी येणार नाही. आणि उद्यापासून चुलीपाशीही नाही."

"खोली सोडावी लागेल, मावशी."

"मिसेस ग्रिग्ज म्हणा. जाता जाता एकदा तरी."

डॉक्टर पुन्हा चष्मा पुसू लागले.

माजी विद्यार्थी. शनिवारी मायलेकींनी खोली रिकामी केली. ओहायोतल्या एका कॉलेजचा अर्ज लुरीनने बसमध्येच भरला. धक्क्यांनी अक्षर वेडेवाकडे आले. तिथे काय होईल, दोघींनाही ठाऊक नव्हते.

प्रवेश (दुरुस्त). एडिथबाईंनी आपलेच वाक्य खोडले. नवे पान त्यांनी अध्यक्षांना दाखवले नाही. स्वतः छापखान्यात नेले. छपाईचे खिळे जुळवणारा म्हणाला, "बाई, ही ओळ अर्धीच आहे."

"कारण मला लिहिता येईना. तशीच छाप."

स्थापनादिनी सहाशे पाहुण्यांच्या हाती पुस्तिका पडली. नववे पान असे होते:

"सन १९५१. मिसेस ओझेला ग्रिग्ज यांची कन्या लुरीन हिला प्रवेश नाकारण्यात आला. कारण: ____________"