बावीस पायऱ्यांची चादर

मित्रांनो, माझ्या अंगावरची फुले कोणत्या रंगाची होती, हे आता मी सांगितले तरच कळेल. ती लाल होती. मी एक सोलापुरी चादर आहे. १९७७ साली तिप्पण्णा विणकराच्या मागावर माझा जन्म झाला. तो धोटा फेकायचा आणि त्याची बायको अक्कम्मा शेजारी बसून विड्या वळायची. कुणाच्या तरी थंडीला उपयोगी पडायचे, एवढेच आपले आयुष्य, असे मला वाटत होते.

समोरच्या घरात शकुंतलाबाई राहायच्या. वय तीस, प्राथमिक शाळेत मास्तरीण. चार-पाच वर्षांपासून त्यांना चालता चालता पडायला होई. जमिनीवरून उठायचे तर त्या एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारख्या उभ्या राहायच्या. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले की हा स्नायूंचा आजार आहे. स्नायू हळूहळू झिजत जातात आणि त्यावर औषध नाही. बाई परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या. वर्षभरात मात्र त्यांचे पाय पुरते थांबले. मग घरातले लोक त्यांना खुर्चीसकट उचलून शाळेत पोचवू लागले.

एके दिवशी त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणवला आणि खेड्याखेड्यांतल्या मास्तरांना एकच प्रश्न लिहिला : तुमच्या गावात असे कुणी आहे का, जे पळताना पडते, उठताना मांडीवर हात टेकते आणि दर वर्षी थोडे थोडे कमी चालते?

उत्तरे आली. मंद्रूपहून तर माणूसच आला. कोंडिबा त्याचे नाव. त्याने एकोणीस वर्षांच्या धाकट्या भावाला, सिदूला, पाठीवर घेतले होते.

"बाई, समदे म्हनत्यात अशक्तपना हाय," तो म्हणाला. "धा वर्सं शेंगदाने आन् गूळ चारतोय मी ह्याला. न्हाय भरत अंगात."

"त्यात तुमची काही चूक नाही, कोंडिबा," बाई म्हणाल्या. "आणि सिदूचीही नाही."

कोंडिबाने सिदूला पाठीवरून उतरवले आणि तो ओट्यावर बसला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते.

अशी सतरा माणसे जमली, तेव्हा त्यांचे एक मंडळ झाले. मुंबईच्या डॉक्टरांना बोलावून तपासणी शिबिर घ्यायचे आणि चाकाच्या खुर्च्या आणायच्या, असे ठरले. त्यासाठी शहरात मदतफेरी काढायची होती. तिप्पण्णाने मला घडीतून काढले. "ही घ्या की बाई. विकायची न्हाई आता," तो म्हणाला.

पहिल्या रविवारी चौघांनी माझी चार टोके धरली आणि आम्ही बाजारातून फिरलो. लोक विचारायचे, "पोलिओ का?" नाही म्हटले की विचारायचे, "मग लागण होते का?" आणि दोन पावले मागे सरायचे. एक कापडवाला अगदी सरळपणे म्हणाला, "असा आजार आम्ही कधी बघितला नाही. खरा असता तर दिसला असता." संध्याकाळी मी जवळजवळ रिकामीच घरी आले.

कापडवाल्याचे बोलणे ऐकून बाई शांतपणे म्हणाल्या, "खरंच आहे त्यांचं. आम्ही घरात बसलो तर दिसणार कसे? पुढच्या रविवारी मी येते."

पुढच्या रविवारी विणकरांच्या सभागृहात सभा होती आणि बाई तिथे बोलणार होत्या. सभागृह वरच्या मजल्यावर होते. अरुंद, वळणाचा जिना, बावीस पायऱ्या. बाईंची खुर्ची पहिल्याच वळणाला अडकली आणि परत खाली आणावी लागली. वर लोक खोळंबले होते. कुणी म्हणाले, बाई, भाषण लिहून द्या, आम्ही वाचून दाखवतो. बाईंनी मान हलवली.

तेव्हा अक्कम्माने मला खांद्यावरून काढले आणि जिन्याच्या तळाशी अंथरले.

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. ज्यांच्यापुढे चाळीस पोरे गप्प बसायची, त्यांना गाठोड्यासारखे वर जायचे होते. मग त्या म्हणाल्या, "पाठ सरळ राहील असं धरा. मला जिना बघायचाय."

पुढची टोके कोंडिबा आणि तिप्पण्णाने धरली. मागची अक्कम्मा आणि तिच्याबरोबर विड्या वळणाऱ्या ईरम्माने. मी ताणली गेले. मित्रांनो, माणसाचे वजन किती असते, हे मला त्या दिवशी कळले. प्रत्येक पायरीला माझा धागा न् धागा कण्हत होता. मी फाटले असते तर? पण माझ्यावर बसलेल्या बाई हळू आवाजात पायऱ्या मोजत होत्या, "सात... आठ... दम घ्या... नऊ." जणू त्या स्वतःच चढत होत्या.

सभागृहात अडीचशे माणसे होती. आम्ही आत आलो आणि चौघांनी मला बाईंसकट पुढे टेकवले.

बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी उजवा हात वर करा. मी सांगेपर्यंत खाली आणू नका."

अडीचशे हात वर गेले. बाई सिदूची गोष्ट सांगू लागल्या. तो विहिरीत सूर मारायचा, तिथपासून आता त्याला कपाळावरची माशी हाकलता येत नाही, तिथपर्यंत. हळूहळू हात थरथरू लागले, एकेक करून खाली आले. शेवटी एकही वर राहिला नाही.

"दमलात," बाई म्हणाल्या. "थोड्या वेळाने तो हात पुन्हा वर जाईल. आमचा जाणार नाही. आमच्यात आणि तुमच्यात फरक एवढाच आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. लोक उठून माझ्याकडे येऊ लागले. विडी वळणाऱ्या बायकांनी दिवसाची मजुरी माझ्यावर ठेवली. एका गवंड्याकडे काहीच नव्हते. तो म्हणाला, "बाई, तुमच्या शाळेच्या पायऱ्या मला दाखवा. शेजारी उतार बांधून देतो." मी मुकी चादर, पण त्या क्षणी मला उमगले की माणसे किती मोठी असू शकतात. आजही ते आठवले की माझी वीण घट्ट होते.

१९७९ च्या हिवाळ्यात शिबिर झाले. मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे त्रेचाळीस रुग्ण आले. औषध नाही, हे डॉक्टरांनी कुणापासून लपवले नाही. पण श्वास कसा जपायचा, सांधे आखडू नयेत म्हणून काय करायचे, हे त्यांनी घरच्यांना शिकवले. सिदूला चाकाची खुर्ची मिळाली. त्याचे हात कपाळापर्यंत जात नव्हते, पण चाके ढकलण्यापुरते बळ त्यांत होते. पहिल्या दिवशी तो मंद्रूपच्या बाजारात एकटाच तासभर फिरला आणि कोंडिबा नुसता लांबून बघत राहिला. शकुंतलाबाई त्या उतारावरून पुढे नऊ वर्षे शाळेत गेल्या.

मी आता मंडळाच्या कपाटात असते. कधी वर्षभर कुणी दार उघडत नाही, कसर लागते. मग अचानक कुणीतरी मला काढते. कुठेतरी कचेरी वरच्या मजल्यावर असते, कुठेतरी परीक्षेचा वर्ग माडीवर असतो, आणि माझी चार टोके पुन्हा धरली जातात.

मला जपा, असे मी म्हणणार नाही, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, शाळा बांधाल, दवाखाने बांधाल. पायऱ्या बांधाल तेव्हा शेजारी एक उतार बांधा. मग मला कसर लागली तरी चालेल.