कागदी मुकुट

नेव्हिलनं आईची खुर्ची रस्त्यावरच्या लांबलचक टेबलाशी लावली, तिच्या गुडघ्यांवर शाल टाकली आणि शेजारी बसला. आपण स्वतः बसलो की बसूनच राहणार, हे त्यानं तिला सकाळीच बजावलं होतं. इंग्लंडच्या नव्या राजाच्या राज्याभिषेकाची मेजवानी होती. गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपलं टेबल बाहेर आणून शेजाऱ्याच्या टेबलाला जोडलं होतं. नव्वदीच्या आईला, विनीला, एवढंच हवं होतं, की राष्ट्रगीत वाजलं की उभं राहायचं. आणि नेव्हिलनं काखेत हात घालून उचलल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. सगळी पंचाईत तिथंच होती.

कारण दहा वर्षांचा असल्यापासून नेव्हिल त्या गाण्याला उभा राहिलेला नव्हता. तेव्हा सिनेमा संपला की राणीसाठी हेच राष्ट्रगीत वाजायचं आणि अख्खं थिएटर उभं राहायचं. त्याचा बाप खाणकामगार. राणीनं आपलं काय भलं केलंय, म्हणून एके दिवशी तो बसून राहिला. मागच्या कुणीतरी त्याची टोपी उचलून भिरकावली, लोक फिदीफिदी हसले. बाप हलला नाही. घरी येऊनही त्यानं तो विषय काढला नाही, पण पोराच्या काळजात ते हसणं कायमचं रुतलं.

आणि समोर नेमका गल्लीतला ट्रेव्हर. मेजवानीचा सगळा कारभार त्याचाच, त्यात तोंडाला कुलूप नाही. राजासाठी नाही तर आईसाठी तरी उठशीलच, असं तो आठवडाभर नेव्हिलला डिवचत होता. आत्ताही डोक्यावर कागदी मुकुट घालून, सँडविच चघळता चघळता त्याचं तेच चाललं होतं.

चार वाजता स्पीकर खरखरला. साऱ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

विनीनं टेबलाची कड धरली. मुलाकडे ती बघेना. नेव्हिलनं ओठ आवळले. मग तो उठला आणि काखेत हात घालून त्यानं तिला उभं केलं.

"उठला बघा गडी!" ट्रेव्हर म्हणाला आणि पुढे वाकून त्यानं आपला कागदी मुकुट नेव्हिलच्या डोक्यावर चढवला.

टेबलभर हशा पिकला. नेव्हिलचे दोन्ही हात आईला धरण्यात अडकलेले, त्याला तो काढताही येईना. त्याची कानशिलं लालबुंद झाली.

विनीनं मान वळवून मुलाकडे पाहिलं. मुकुटाकडे पाहिलं.

"बसव मला," ती म्हणाली.

"आई, गाणं संपायचंय अजून."

"ठाऊक आहे. त्या दिवशी थिएटरात गाणं संपेपर्यंत मी उभी होते. तुझा बाप एकटा बसला होता. बसव."

त्यानं तिला अलगद बसवलं आणि तोही बसला. हसणं हळूहळू थांबलं. गाणं चालूच होतं. विनीनं हात लांब करून त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढला, नीट घडी घातली आणि ट्रेव्हरच्या बशीशेजारी ठेवून दिला.

"चहा ओत रे," ती नेव्हिलला म्हणाली, "गार होतोय."